मोबाइलवरून इंग्रजी: स्थलांतरित प्रौढांचा ऑनलाइन वर्ग पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

नव्या देशात येऊन राहिलेल्या प्रौढ माणसांना ऑनलाइन इंग्रजी शिकवायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "कोणतं ॲप घेऊ?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर दुसऱ्या पायरीवर देणार आहे. शिकणाऱ्याच्या हातात कोणता फोन आहे, त्याच्या कामाच्या वेळा काय आहेत आणि उद्या त्याला कुणाशी काय बोलायचंय, एवढं कळल्याशिवाय कोणतंही ॲप चांगलं की वाईट हे सांगता येत नाही.

तुम्ही प्रशिक्षित शिक्षक नसाल तरी घाबरू नका. मराठी माणसाकडे एक भांडवल असतंच. आपणही इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकलो. वाक्य मनात जुळवून ठेवलेलं असतानाही ऐन वेळी तोंडातून न फुटणं काय असतं, हे जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला समजावून सांगावं लागतं. आपल्याला ते आठवतं.

पहिली पायरी: आधी माणूस ओळखा

वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकाशी पंधरा-वीस मिनिटं स्वतंत्र बोला. शक्यतो त्यांच्या भाषेत. तुम्हाला ती येत नसेल तर दोन्ही भाषा येणारं कुणीतरी मध्ये घ्या. घरातल्या शाळकरी मुलाला दुभाषा करायचा मोह होतो, कारण ते समोरच बसलेलं असतं. पण आई-वडील मुलासमोर "मला वाचता येत नाही" असं सहसा सांगत नाहीत, आणि नेमकं तेच तुम्हाला कळायला हवं असतं.

विचारायचं काय? फोन स्वतःचा आहे की घरात मिळून एकच. इंटरनेट वायफायचं आहे की मोजून वापरायचा मोबाइल डेटा. कामाच्या पाळ्या ठरलेल्या आहेत की दर आठवड्याला बदलतात. शाळा किती झाली, कोणत्या लिपीत लिहिता-वाचता येतं. आणि शेवटचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: इंग्रजी येत नाही म्हणून अलीकडे नेमकं काय अडलं?

"इंग्रजी कशासाठी शिकायचंय?" असं विचारलंत तर जवळजवळ सगळे "चांगल्या नोकरीसाठी" म्हणतील. "काय अडलं?" असं विचारलंत की उत्तरं ठोस येतात. मुलाच्या शाळेतून फोन आला, भीतीने उचललाच नाही. दवाखान्यात जन्मतारीख विचारली, सांगता आली नाही. कामावर वरिष्ठांनी काहीतरी बजावलं, नुसती मान डोलावली. ही उत्तरं वहीत उतरवून ठेवा. तुमचा अभ्यासक्रम यातूनच निघणार आहे.

शाळेबद्दलच्या प्रश्नावरून साधारण तीन प्रकारची माणसं वेगळी काढता येतात. काहींना रोमन लिपी आधीपासून येते, कारण त्यांची स्वतःची भाषा त्याच लिपीत लिहितात. काही दुसऱ्या लिपीत उत्तम वाचतात, पदवीधरही असतात, फक्त ही अक्षरं त्यांना नवी असतात. आणि काहींना कोणत्याच भाषेत वाचता येत नाही, कारण युद्धामुळे, गरिबीमुळे किंवा मुलगी म्हणून शाळा मिळालीच नाही. तिघांनाही इंग्रजी येत नाही, पण तिघांना एकच धडा देणं हा अन्याय आहे. दुसऱ्या प्रकारची माणसं अक्षरं थोड्या आठवड्यांत उचलतात. तिसऱ्या प्रकारच्या माणसांना वाचन म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची असते, आणि त्याला महिने लागतात, कधी वर्षंही. युरोप परिषदेने २०२२ मध्ये खास अशा शिकणाऱ्यांसाठी 'लासलियाम' नावाची संदर्भ-मार्गदर्शिका काढली. अक्षरओळख आणि दुसरी भाषा एकाच वेळी शिकणाऱ्या प्रौढ स्थलांतरितांची प्रगती टप्प्याटप्प्याने कशी ओळखावी, हे तिच्यात सांगितलं आहे. असे विद्यार्थी असतील तर ती जरूर चाळा.

पातळी ठरवताना तुमच्या कानावर 'सीईएफआर' हा शब्द येईल. युरोप परिषदेनेच २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही सहा पातळ्यांची पट्टी: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. कॅनडात १२ पातळ्यांची 'सीएलबी' ही वेगळी पट्टी वापरतात, तर इंग्लंडमध्ये एंट्री १, २, ३ आणि त्यापुढे लेव्हल १ आणि २. तुमचे विद्यार्थी आता ज्या देशात राहतात तिथली पट्टी वापरा, म्हणजे पुढे त्यांना दुसऱ्या वर्गात पाठवणं सोपं जातं.

फक्त ऑनलाइन पातळी-चाचणीच्या भरवशावर राहू नका. पर्यायांवर बोट ठेवायच्या चाचणीत इंग्रजीइतकीच मोबाइल वापरायच्या सवयीचीही परीक्षा होते. आयुष्यभर बाजारात चार भाषा बोललेला माणूस तिथे शून्य गुण मिळवू शकतो आणि प्रत्यक्ष बोलायला लावलं तर कामापुरतं संभाषण चालवून दाखवतो. दहा मिनिटं तोंडी बोला: नाव, कुटुंब, काम, कालचा दिवस, उद्याचा बेत. कुठे अडखळतात ते आपोआप दिसतं.

दुसरी पायरी: साधनं निवडा, मोजकीच

तुम्हाला तीनच गोष्टी लागतात. समोरासमोर बोलण्यासाठी व्हिडिओ-कॉल, एकट्याने सराव करण्यासाठी एखादं संकेतस्थळ किंवा ॲप, आणि मधल्या दिवसांत संपर्कात राहण्यासाठी निरोपांचा गट. प्रत्येक कामासाठी एकच साधन घ्या. शिकणाऱ्याला प्रत्येक नवं ॲप म्हणजे नवा पासवर्ड, नवी बटणं आणि हरवायची नवी जागा.

व्हिडिओ-कॉलसाठी झूमची मोफत बैठक ४० मिनिटांत बंद होते. याची तक्रार खूप जण करतात. मला मात्र ती मर्यादा बऱ्याचदा सोयीची वाटते, कारण पाळी संपवून आलेल्या माणसाचं लक्ष मोबाइलच्या छोट्या पडद्यावर त्याहून जास्त वेळ टिकत नाही. खातं न काढता नुसत्या दुव्यावर येता यावं असं वाटत असेल तर अशा सोयीही मिळतात. आधी स्वतः एका स्वस्त फोनवर करून पाहा.

एकट्याच्या सरावासाठी काही नावं सांगतो. अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो काउंटीच्या शिक्षण कार्यालयाने २००८ मध्ये सुरू केलेलं 'यूएसए लर्न्स' मुळात प्रौढ स्थलांतरितांसाठीच बनवलेलं आहे. ते मोफत आहे, धडे व्हिडिओतल्या प्रसंगांवर बेतलेले आहेत, आणि शिक्षकाला आपला वर्ग तयार करून कोण कुठवर आलं ते पाहता येतं. ब्रिटिश कौन्सिलच्या 'लर्न इंग्लिश'वर ऐकण्या-वाचण्याचं साहित्य ए१ पासून पातळीवार लावलेलं आहे. बीबीसी १९४३ पासून इंग्रजी शिकवत आली आहे. तिच्या 'सिक्स मिनिट इंग्लिश'मध्ये संभाषणाचा लेखी मजकूरही मिळतो, पण अगदी नवख्यांना ते कठीण जाईल, मधल्या पातळीवर पोचलेल्यांना द्या. २०१२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं डुओलिंगो रोज थोडा सराव करायची सवय लावायला उत्तम आहे, मात्र तुमच्या शिकणाऱ्याची भाषा त्यातल्या यादीत आहे का ते आधी पाहा. आणि त्याच्या भरवशावर बोलणं येईल अशी आशा धरू नका. तिथे समोर उत्तराची वाट पाहणारं माणूस नसतं.

मूडल आणि गूगल क्लासरूम ही वर्ग चालवण्याची मोठी साधनं आहेत. संस्था असेल, अनेक शिक्षक असतील, गृहपाठ गोळा करायचा असेल तर त्यांचा उपयोग होतो. आठ-दहा जणांच्या वर्गाला त्यांची गरज नाही.

साधन पक्कं करण्यापूर्वी ते मोबाइलच्या ब्राउझरमध्ये नीट उघडतं का, ई-मेलशिवाय चालतं का, प्रत्येक शब्दाला आवाज आहे का आणि डेटा किती खातं, एवढं तपासा. आणखी एक गोष्ट मी कटाक्षाने पाहतो: चित्रं मोठ्यांना शोभतील अशी आहेत का? चाळीस वर्षांच्या, घर चालवणाऱ्या बाईंसमोर फुगे आणि ससे नाचवले की त्यांना आपण कमी लेखले गेलो असं वाटतं. त्या बोलून दाखवत नाहीत, पुढच्या वेळी येत नाहीत.

तिसरी पायरी: पहिला आठवडा फक्त फोनचा

पहिल्या आठवड्यात इंग्रजीची घाई नको. दुवा उघडणं, माइक चालू-बंद करणं, आवाज वाढवणं, कॉल तुटला तर परत येणं, व्हॉइस मेसेज पाठवणं, एवढंच करा. सूचना लिहून पाठवण्यापेक्षा पडद्याचं चित्र काढून त्यावर बाण मारा. त्यांच्या भाषेत कुणी बोलून दिलेली दोन मिनिटांची ध्वनिफीत असेल तर त्याहून चांगलं. पासवर्ड कागदावर लिहून घरातच सुरक्षित ठेवायला सांगा.

या आठवड्यातही इंग्रजी शिकवलं जातंच. "आय कान्ट हिअर यू", "यू आर ऑन म्यूट", "वन मोमेंट, प्लीज" ही वाक्यं गरजेपोटी येतात म्हणून पक्की बसतात, आणि उद्या कामाच्या ठिकाणी फोनवर तशीच वापरता येतात.

इथे एक नाजूक बाब आहे, आणि नवख्या शिक्षकांनी ती फार गंभीरपणे घ्यावी. तुमच्या वर्गात निर्वासित असतील, कागदपत्रांची वाट पाहणारी माणसं असतील, कुणापासून तरी लपून राहणाऱ्या बायकाही असतील. म्हणून कॅमेरा चालू करायची सक्ती नको. नोंदणीत पूर्ण नाव, पत्ता, राहण्याचा परवाना यातलं काहीही गरजेशिवाय मागू नका. सर्वांच्या संमतीशिवाय वर्ग रेकॉर्ड करू नका, आणि संमती त्यांना समजेल अशा भाषेत घ्या. निरोपांच्या गटात प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो, हे गट करण्यापूर्वी सांगा. नको म्हणणाऱ्याला वेगळा निरोप पाठवायची तयारी ठेवा. "तू देश का सोडलास?" हा प्रश्न संभाषणाच्या सरावासाठी कधीही वापरू नका. "तुमचं कुटुंब" हा पाठ्यपुस्तकातला साधा धडासुद्धा कुणाला जखमेवर बोट ठेवल्यासारखा लागू शकतो. अशा वेळी चित्रातल्या काल्पनिक कुटुंबाबद्दल बोलायची मोकळीक द्या.

चौथी पायरी: ४० मिनिटांचा वर्ग

प्रत्यक्ष भेटीचा वेळ मौल्यवान असतो. तो व्याकरण समजावण्यात घालवू नका, ते व्हिडिओतूनही कळतं. एकमेकांशी बोलायची संधी मात्र फक्त इथेच मिळते. वर्ग संपल्यावर स्वतःला विचारा: आज जास्त कोण बोललं, मी की ते?

एक उदाहरण सविस्तर देतो. विषय: आजारी असल्यामुळे कामावर येऊ शकत नाही, हे फोनवर सांगणं.

पहिली पाच मिनिटं मागच्या वर्गातली दोन वाक्यं प्रत्येकाकडून. मग एक छोटं संभाषण ऐकवा, लेखी मजकूर न दाखवता. पहिल्यांदा ऐकताना एकच प्रश्न: फोन कुणी केला? दुसऱ्यांदा: का केला? तिसऱ्यांदा: परत कधी येणार? एकच ध्वनिफीत तीनदा ऐकली की सुरुवातीला गोंधळ वाटणाऱ्या आवाजातून शब्द वेगळे व्हायला लागतात. त्यानंतरच पडद्यावर मजकूर दाखवा. मग तुम्ही वरिष्ठ व्हा आणि एकेकाला फोन करायला लावा. "हॅलो, धिस इज …. आय अॅम सिक टुडे. आय कान्ट कम टू वर्क." एवढ्या तीन वाक्यांवर सगळ्यांचे पाय टेकले की पुढचं वळण घ्या. वरिष्ठ आता काहीतरी अनपेक्षित विचारतील: "व्हेन विल यू बी बॅक?" पाठ केलेलं संपतं आणि खरं बोलणं सुरू होतं ते याच जागी. त्यानंतर दहा मिनिटं जोड्या पाडून ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे त्याच कॉलमधल्या वेगळ्या छोट्या खोल्यांत, पाठवा. सूचना आधी द्या, एकदा करून दाखवा, मगच खोल्या उघडा. खोल्या उघडल्यावर सूचना दिल्या तर कुणीच कामाला लागत नाही.

अगदी पहिल्या दिवसापासून शिकवायची वाक्यं म्हणजे अडल्यावर सावरून घ्यायची. "कॅन यू से दॅट अगेन, प्लीज?" "प्लीज स्पीक स्लोली." "आय डोन्ट अंडरस्टँड." प्रौढ माणूस मान डोलावून वेळ मारून नेतो ते लाजेमुळे. ही वाक्यं सहज तोंडात बसली की लाज बरीच ओसरते.

दुसरं, ज्याला पाठ्यपुस्तकं कमी जागा देतात पण रोज गरज पडते: आकडे, तारखा आणि स्वतःच्या नावाचं स्पेलिंग. फोनवर नाव अक्षर-अक्षर सांगता येणं हे व्याकरणाच्या अनेक धड्यांपेक्षा जास्त कामाचं आहे. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांतला फरक ऐकवा: पहिल्यात जोर शेवटच्या भागावर येतो, दुसऱ्यात पहिल्या भागावर. हा फरक न कळल्यामुळे भेटीची वेळ चुकते, पैशांचा आकडा चुकतो. पडद्यावर दोन्ही आकडे ठेवा, तुम्ही बोला, त्यांना बोटं दाखवू दे.

चुका सुधारताना हात आखडता घ्या. बोलणं मध्येच तोडू नका, टिपून ठेवा, शेवटी दोन-तीन सगळ्यांसमोर मांडा, नाव न घेता. ज्या चुकीमुळे अर्थ बदलतो ती आधी. 'ही गोज'ऐवजी 'ही गो' म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळतं, ते थांबू शकतं.

त्यांच्या मातृभाषेवर बंदी घालू नका. एकाने दुसऱ्याला आपल्या भाषेत अर्धं वाक्य समजावलं तर वर्गाचा वेळ वाचतो. शब्दाचा उच्चार आपल्या लिपीत लिहून ठेवायची सवयही अनेकांना असते. सुरुवातीला चालू द्या, पण सोबत तुमच्या आवाजात तो शब्द रेकॉर्ड करून पाठवा आणि हळूहळू कागदावरून कानावर आणा. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी साधारण ४४. देवनागरीसारख्या, लिहिल्याप्रमाणे वाचायच्या लिपीची सवय असलेल्याला हे फार गोंधळाचं वाटतं. म्हणूनच वाचता न येणाऱ्यांना ए-बी-सी-डी ओळीने घोकायला लावण्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या नावातली अक्षरं, मग रोज डोळ्यांसमोर येणारे 'एक्झिट', 'पुश', 'पुल', 'स्टॉप' असे शब्द घ्या. ॲपवर टाइप करता आलं तरी फॉर्मवर सही आणि नाव हातानेच लिहावं लागतं, म्हणून कागद-पेन सोबत ठेवायला सांगा. लिहिलेल्या पानाचा फोटो पाठवला की तुम्हाला ते तपासता येतं.

पाचवी पायरी: दोन वर्गांमधले दिवस

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरलं जातं, आणि अंतरा-अंतराने उजळणी केली तर जास्त टिकतं. ऑनलाइन शिकवण्याचा खरा फायदा इथे आहे. गटावर दिवसाआड एक छोटा व्हॉइस मेसेज टाका, त्यात एक प्रश्न, आणि उत्तर आवाजातच मागा. "व्हॉट टाइम डिड यू फिनिश वर्क टुडे?" ज्यांना गटात बोलायला संकोच वाटतो त्यांनी फक्त तुम्हाला पाठवावं. एका उत्तरात एकच दुरुस्ती करा, आणि ती बरोबर वाक्य तुमच्या आवाजात म्हणून.

"पुढच्या वेळी हा व्हिडिओ पाहून या" हे सहसा होत नाही. म्हणून वर्गाची शेवटची तीन मिनिटं सगळ्यांनी मिळून तो धडा उघडायचा, पहिला प्रश्न सोडवायचा, आणि उरलेला घरी. सुरू झालेलं काम पुढे न्यायला सोपं असतं.

भाषांतराची ॲपं ते वापरणारच, मग नीट वापरायला शिकवा. पाटी किंवा साधी नोटीस वाचायला कॅमेरा ठीक. औषधाचा डोस, भाडेकरार, न्यायालयाचं पत्र याबाबतीत मात्र जिवंत दुभाषा मागायचा. तो मागण्याचं वाक्यही शिकवा: "आय नीड अॅन इंटरप्रिटर, प्लीज."

सहावी पायरी: गळती आणि प्रगती

माणसं यायची थांबतील. पाळी बदलते, मूल आजारी पडतं, डेटा संपतो, घर बदलावं लागतं. यावर उपाय म्हणजे प्रत्येक वर्ग स्वतंत्र ठेवणं. मागचे दोन चुकले तरी आजचा कळला पाहिजे. न आलेल्याला "का आला नाहीत?" असं न विचारता आजची दोन वाक्यं आणि पुढच्या वर्गाची वेळ पाठवा.

प्रगती ॲपवरच्या टक्क्यांवरून मोजू नका. पहिल्या पायरीवर वहीत लिहिलेली अडचण काढा आणि ती आता जमते का ते पाहा. शाळेचा फोन उचलला का? जन्मतारीख सांगितली का?

नागरिकत्वासाठी शिकणारे असतील तर अट नेमकी काय आहे ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, कारण नियम बदलत राहतात आणि देशागणिक वेगळे असतात. अमेरिकेत मुलाखतीच्या वेळी तीनपैकी एक वाक्य बरोबर वाचावं आणि तीनपैकी एक बरोबर लिहावं लागतं. कॅनडात १८ ते ५४ वयाच्या अर्जदाराला इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये बोलण्या-ऐकण्याची सीएलबी चौथी पातळी दाखवावी लागते. ॲपचं प्रमाणपत्र अशा ठिकाणी चालेलच असं नाही, आणि हे पैसे भरण्यापूर्वी कळलं पाहिजे.

सातवी पायरी: पुढे पाठवा

तुमचा वर्ग हा त्यांचा शेवटचा वर्ग नसावा. ऑस्ट्रेलियात १९४८ पासून 'एएमईपी' आणि कॅनडात १९९२ पासून 'लिंक' हे सरकारी खर्चाने चालणारे इंग्रजीचे कार्यक्रम आहेत. इतरत्रही महाविद्यालयं, ग्रंथालयं आणि संस्था वर्ग चालवतात. कोण पात्र आहे, प्रतीक्षायादी किती आहे, लहान मुलांना सांभाळायची सोय आहे का, हे तुम्ही त्यांच्यासाठी फोन करून विचारा, किंवा त्यांना तुमच्या शेजारी बसवून विचारायला लावा. जाताना त्यांच्या संमतीने नव्या शिक्षकाला एक पानाची टीप द्या: काय जमतं, काय अजून जड जातं, कोणत्या लिपीत वाचतात, कोणत्या वेळी फोन उचलू शकतात. ती टीप आधी त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांनी काही बदलायला सांगितलं तर बदला.